बसून पाहिलेलं टेबल

आमच्या डेअरीच्या खोलीत एक लांबडं सागवानी टेबल आहे. ते आणलं त्या सालची गोष्ट निघाली की माझं डोकं अजून तापतं. घरातले म्हणतात, किती वर्षं झाली, सोड आता. मी सोडत नाही. ज्यांनी ते टेबल आणलं ते सगळे ही गोष्ट हसत हसत सांगतात, आणि तीही स्वतःला पाहिजे तशी सांगतात. म्हणून मला ती धरून ठेवावी लागते.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, माळावर. जमीन हलकी, त्यामुळं घरोघरी एखादं-दुसरं दुभतं जनावर आणि गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था. तिला सगळे डेअरीच म्हणतात. धारा बायका काढतात, शेण बायका काढतात, वैरणीचे भारे डोक्यावर बायकाच आणतात. डेअरीवर किटली घेऊन रांगेत मात्र पुरुष उभे राहतात, कारण तिथं चहा असतो आणि गप्पा असतात. सभासद म्हणून नावंही त्यांचीच. संचालक मंडळात दोन बायका घ्याव्याच लागतात असा कायदा आला म्हणून घेतल्या. एक मी. दुसरी धनगरवस्तीवरची एक म्हातारी. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही आक्काच म्हणायची.

मला का घेतलं तेही सांगते. चेअरमन म्हणजे माझे थोरले दीर. आमच्याकडं त्यांना भाया म्हणतात. घरातलीच सून घेतली की ती तोंड उघडणार नाही, एवढा साधा विचार होता. रीतच तशी आहे. भायांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, बाजेवर किंवा खुर्चीवर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. तेही भावजयीशी थेट बोलत नाहीत. मधे कुणीतरी लागतं. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून भायांनी मला 'पाणी दे' असंसुद्धा कधी म्हटलेलं नव्हतं. 'आत सांगा, पाणी आना म्हनावं,' असं ते समोरच्या भिंतीला सांगायचे आणि मी भिंतीआडून पाणी आणायची.

डेअरीची बैठक सतरंजीवर व्हायची. भाया भिंतीला टेकून, बाकीचे त्यांच्याभोवती, आणि आम्ही दोघी दारापाशी, सतरंजी संपते तिथं. उंबऱ्याच्या पलीकडं सगळ्यांच्या चपला. जागा बेकार होती, पण निदान सगळे एका उंचीवर असायचे. मला प्रत्येकाचं तोंड दिसायचं, कोण कुणाकडं बघून डोळा मिचकावतो तेही दिसायचं. मला काही सांगायचं झालं तर मी ते सचिवाकडं बघून बोलायची, मग सचिव तेच वाक्य भायांना सांगायचा, जसं काही भायांना ऐकूच येत नव्हतं. सचिव बिचारा गरीब स्वभावाचा. आमच्या दोघांमधे त्याचा नुसता पोस्टमन झाला होता.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. पोळ्याला बैल धुवायला पाणी मिळेना तिथंच सगळे काय ते समजले. संक्रांत येईपर्यंत कडबा संपला, विहिरींचे तळ दिसायला लागले, डेअरीतून पुढं जाणारे कॅन अर्धेमुर्धे भरून जाऊ लागले. सरकारनं चारा छावण्या द्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्या संस्थेनंही छावणी मागितली. संस्था कशी आहे ते बघायला बीडहून एक साहेब आले.

साहेबांची पॅन्ट घट्ट होती की गुडघा धरला होता कोण जाणे, ते काही सतरंजीवर बसले नाहीत. बूटही काढले नाहीत. सचिवानं धावत जाऊन दुधाचा एक कॅन आणला, त्यावर पोतं टाकलं आणि साहेब त्यावर बसले. भाया खाली. साहेबांनी पायावर पाय टाकला तो बूट बरोबर भायांच्या नाकासमोर आला. बोलणं होईपर्यंत तो बूट तिथंच हलत होता. साहेबांची जीप गेली तरी भायांच्या कपाळावरची शीर उतरली नव्हती.

"टेबल आनायचं," ते म्हणाले. "लाज गेली आज."

गावात लोक बोलायला लागले की जनावरांच्या तोंडात घास नाही आणि ह्यांना टेबल सुचतंय. मी तसं बोलले नाही. मला टेबल पाहिजेच होतं. टेबल आलं की खुर्च्या येणार, जितके संचालक तितक्या खुर्च्या येणार, आणि त्यातली एक माझी असणार. एक आक्काची. मला ते इतकं सरळ वाटलं होतं की मी आक्काला रस्त्यात गाठून सांगितलं. आक्का हसली आणि म्हणाली, "आधी येऊ दे बाई."

खरेदी समितीत एक बाई पाहिजे, असं सचिवानं सांगितलं. समिती नावाला, जीपमधे दाटीवाटीनं सगळेच पुरुष संचालक आणि सचिव निघाले, आणि कागदाला बाई लागते म्हणून मलाही घेतलं. मागच्या बाकावर, पदर कपाळापर्यंत ओढून मी बीडला गेले. वाटेत चारा घेऊन चाललेल्या ट्रकमागं आमची जीप बराच वेळ अडकली होती. मांजरा नदी कोरडी ठक्क पडलेली. पुढं बसलेले संचालक टेबलाला सनमायका असावा की नसावा यावर हुज्जत घालत होते.

बसस्टँडच्या मागल्या अंगाला फर्निचरचं मोठं दुकान होतं. दुकानदार पांढऱ्या दाढीचा चाचा, बोलायला गोड. आमची माणसं आत शिरली ती थेट बैलबाजारात शिरल्यासारखी. एकानं टेबलाच्या पायांवर थापा मारल्या. एक वाकून खालून बघून आला. एकानं वरून दोन्ही हातांनी जोर दिला आणि मान हलवली. दात बघायचे तेवढे राहिले.

तिथं एक गोल टेबल होतं. फार देखणं होतं. कडा गुळगुळीत, मधे एकच जाड खांब, त्यामुळं कुणाच्याही पायाला काही आडवं येणार नाही. मी त्याच्याजवळ जाऊन कडेवरून हात फिरवला. भायांनीही ते बघितलं, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि थांबले.

"याला तोंड कुठं हाय?" ते चाचाला म्हणाले. "चेअरमननं बसायचं कुठं?"

"किधर भी बैठो चेअरमनसाब," चाचा म्हणाला. "गोल है."

तेच भायांना नको होतं. कुठंही बसा म्हणजे कुणीही बसा. त्यांनी गोल टेबलाकडं पाठ फिरवली आणि ते लांबडं सागवानी टेबल दाखवलं. त्याला तोंडही होतं आणि शेपूटही होतं.

"दूर से क्या देखते, बैठके देखो," चाचा म्हणाला.

आमच्याकडं वस्तू अशीच घेतात. बाज घ्यायची तर तिच्यावर निजून बघतात, गाडी घ्यायची तर जुवाकडून चढून बघतात. टेप लावून कुणी काही घेत नाही. खोलीचं माप कुणी आणलेलं नव्हतं आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. सगळे बसले. भाया तोंडाकडं, बाकीचे दोन्ही अंगांनी. चहा आला. खुर्चीची सवय नसल्यामुळं सगळे अवघडून गेले होते. एकानं तर खुर्चीवरच मांडी घातली.

"आपा, आप भी बैठो ना," चाचा मला म्हणाला आणि त्यानं एक खुर्ची पुढं केली.

मी भायांकडं बघितलं नाही. बघायचं नसतंच. मी 'राहू द्या' म्हटलं आणि कप घेऊन बाजूला सरकले. समोर विकायला ठेवलेलं कपाट होतं, त्याला मोठा आरसा. आरशात मी होते, कपाळापर्यंत पदर आणि हातात चहा, आणि माझ्या पाठीमागं आमचं संचालक मंडळ टेबलाला बसलेलं. त्यातला एकजण तरी म्हणेल की वहिनी, बसा, असं मला तो कप संपेपर्यंत वाटत होतं. कुणी म्हटलं नाही. मला चहा गोड लागला की अगोड ते आठवत नाही, पण तो आरसा आठवतो.

"बसलो की समदे," भाया म्हणाले. "पुरं हाय. यवढ्याच खुर्च्या द्या."

मी सचिवाला म्हटलं, "आमच्या दोघींच्या खुर्च्या धरल्या का, विचारा."

सचिवानं विचारलं. भायांनी चाचाच्या दाढीकडं बघत उत्तर दिलं, "त्यांना म्हनावं, तुमी कावून खुर्चीवर बसताल? आपली रीत न्हाई का काही?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. टेबलाचं माप घेतलं गेलं ते असं. जे बसले त्यांचं माप. मला समितीत नेलं होतं, पण मापात धरलं नव्हतं. परतताना जीपमधे मी इतकी दात-ओठ खात होते की जबडा दुखायला लागला.

टेबल आलं त्या दिवशी ते खोलीत घालायला दाराची एक फळी उखडावी लागली. आत गेलं आणि खोली भरली. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. खुर्च्या मांडल्या तर पाठी भिंतीला घासायच्या, आणि दाराजवळची शेवटची खुर्ची बरोबर आमच्या जागेवर आली. आम्हा दोघींना राहिला उंबरा. म्हणजे आम्ही सरकलो ती चपलांत.

पहिली बैठक छावणी कुठं घालायची त्यासाठी होती. यात माझं काय अडकलं होतं ते नीट सांगते. छावणीत जनावर बांधलं की त्याच्याजवळ दिवसरात्र माणूस लागतं. गडीमाणसं निम्मी ऊसतोडीला गेलेली, निम्मी रोजावर. राहणार होत्या बायका. गावच्या गायरानात छावणी झाली तर घर हाकेच्या अंतरावर होतं. बाई धार काढील, शेण भरील, घरी येऊन भाकरी टाकील, लेकरांना निजवील, आणि रात्री आळीपाळीनं दोघी-तिघी राखणीला राहतील. पण भायांच्या मनात होती मोठ्या रस्त्याकडेची मोकळी जमीन. गावापासून लांब. साहेबांची जीप थेट तिथं येते, टँकर थेट येतो, शेजारी चहाची टपरी. तिथं छावणी झाली तर बायकांनी घर-लेकरं सोडून पावसाळ्यापर्यंत उघड्यावर राहायचं, आणि आडोशाला जायचं तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे दिवे अंगावर. गल्लीतल्या, वस्तीवरच्या बायका मला रोज गाठून सांगत होत्या, "गायरानाचं बोल बरं का. तू हाईस तिथं."

मी होते तिथं. उंबऱ्यावर. वर टेबल आणि खाली मी. टेबलाच्या खालून मला सगळ्यांचे पाय दिसत होते, दुसरं काही नाही. भेगाळलेल्या टाचा, एकाच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी, भायांचा हलणारा पाय. बोलणं वरून चाललं होतं. मी दोनदा म्हणाले, "सचिव, गायरानाचं सांगा." सचिवाची पाठ माझ्याकडं होती. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाले तेव्हा वरून कुणीतरी विचारलं, "काय म्हनत्यात?" आणि दुसरा कुणीतरी म्हणाला, "काही न्हाई, चहाचं इचारत्यात." सगळे हसले. पाय हलले. ठराव झाला, रस्त्याकडेची जमीन. पुढच्या बैठकीत तो वाचून कायम करायचा आणि मग तहसीलला पाठवायचा.

साहेबांचा बूट नाकासमोर आला तर भायांना एका दिवसात टेबल लागलं. आमच्या तोंडासमोर सगळ्या संचालक मंडळाचे पाय होते आणि त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. घरी येऊन मी भांड्यांवर राग काढला. नवरा म्हणाला, "तू बसली असतीस खुर्चीवर तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. थोरल्या भावाम्होरं मला मान वर करता आली नसती."

"तुमची मान," मी म्हटलं, "आन् तिथं रातभर रस्त्यावर निजायचं बायकांनी."

तो गप्प झाला. भांडण मिटवायचं झालं की तो गप्प होतो, आणि लोक त्याला समजूतदार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी आक्काकडं गेले. ती शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होती. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला भाया आडवा येतो. खरं हाय. मला कोन आडवा येतो? मी काय त्यांची भावजय हाय? मला कावून न्हाई म्हनलं कुनी, आक्के, बस?"

इतके दिवस मी माझ्या रिवाजाशी झगडत होते, भायांचा मान, घरची रीत, लोक काय म्हणतील. आक्काला यातलं एकही लागू नव्हतं आणि तरी ती माझ्याशेजारी चपलांत बसलेली होती. रीत माझ्या घरची, आणि बसायला मिळालं नाही तिलाही. म्हणजे रीत हे नुसतं निमित्त होतं. त्यांना आम्ही त्या टेबलाला नकोच होतो. माझ्या मनातली उरलीसुरली भीती तिथंच संतापात बुडाली.

"आक्के, येत्या बैठकीला लवकर यायचं," मी म्हटलं.

"आलेच," ती म्हणाली.

आम्ही लवकर गेलो. सचिव खुर्च्या पुसत होता. मी दाराजवळची खुर्ची ओढली आणि बसले. आक्का माझ्या शेजारी बसली, पाय खाली पोचेनात म्हणून तिनं ते खुर्चीच्या दांडीवर टेकवले. सचिवाच्या हातातलं फडकं थांबलं. "वहिनी, भाया येतील," तो म्हणाला. मी म्हटलं, "येऊ द्या." टेबलाखाली मी दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. टेबल तेवढ्यासाठी बरं असतं.

एकेक संचालक येत गेले, दारात थबकत गेले आणि काही न बोलता आपापल्या खुर्चीवर बसत गेले. दोघांना खुर्च्या राहिल्या नाहीत, ते भिंतीला टेकून उभे राहिले. मग भाया आले. दारात चप्पल काढली, मान वर केली, मला बघितलं. मी पदर नीट केला आणि बसून राहिले. ते सरळ चालत टेबलाच्या तोंडाशी गेले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि उभे राहिले. बसले नाहीत. भावजय समोर खुर्चीवर असताना ते बसणार नव्हते.

आता चेअरमनच उभे म्हटल्यावर बाकीच्यांना बसवेना. एक उठला, दुसरा उठला, खुर्च्या भिंतीवर आपटत सगळे उठले. मलाही उठावं लागेल असा त्यांचा होरा असावा. मी उठले नाही. आक्काही उठली नाही. अख्खं संचालक मंडळ उभं आणि टेबलाला आम्ही दोघीच बसलेल्या.

सचिवानं ठराव वाचायला घेतला. मी म्हटलं, "थांबा." या वेळी मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. मी गायरानाचं सगळं सांगितलं. बायकांनी राखण कशी वाटून घेतली आहे ते सांगितलं, आडोशाचं सांगितलं, आणि वस्तीवरच्या बायका रस्त्याकडेला एक जनावर बांधणार नाहीत हेही सांगितलं. मी सचिवाकडं बघून बोलत होते, पण मोठ्यानं बोलत होते. आक्का मधूनमधून टेबलावर हात आपटून म्हणायची, "बराबर हाय."

भाया ऐकत होते. किंवा नव्हते. ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. बाकीचे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. एक जाडजूड संचालक होते, त्यांना गुडघ्यांचा त्रास. ते टेबलाला हात टेकून घामाघूम झाले होते. शेवटी तेच म्हणाले, "गायरान तर गायरान. काय बिघडतं? लिवा की लवकर." दुसरा म्हणाला, "लिवा." जनावरांची दया आली म्हणून नाही, बायकांच्या म्हणण्यानं नाही, गुडघे दुखले म्हणून छावणी गायरानात आली. मला चालणार होतं. बाहेर पडताना भायांनी सचिवाला सांगितलं, "त्यांना म्हनावं, झालं का मनासारकं?"

गावात गोष्ट पसरली ती वेगळीच. भाया कसे रीतीचे, भावजय बसली तर स्वतः उभे राहिले पण मर्यादा सोडली नाही. पारावर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं भायांचं उभं राहणं. माझं बसणं कुठंच नाही. सांगणाऱ्यांच्या तोंडी मी नुसती आडमुठी सून होते. नवऱ्यानं मला सांगितलं की आता पुरे, जिंकलीस ना. मी त्याला म्हटलं की तुम्हाला हे भांडण वाटतंय म्हणून तुम्हाला जिंकणं दिसतंय.

पुढच्या बैठकीला गेले तर खोलीत सतरंजी अंथरलेली. टेबल भिंतीला सरकवलेलं आणि त्याच्यावर पेंडीची पोती रचलेली. खुर्च्या एकात एक अडकवून कोपऱ्यात. लाज गेली म्हणून आणलेलं, दार उखडून आत घातलेलं ते टेबल. आम्ही त्याला बसलो म्हणून त्यांनी ते टाकून दिलं. भाया भिंतीला टेकलेले, बाकीचे आजूबाजूला, आणि दारापाशी आमची दोघींची जागा पूर्वीसारखी रिकामी ठेवलेली.

मी सतरंजीवरून, माणसांच्या मधून चालत कोपऱ्यात गेले. वरची खुर्ची सोडवली, सतरंजीच्या कडेला मांडली आणि तिच्यावर बसले. आता सगळे खाली आणि मी वर. भायांचं डोकं माझ्या खांद्याच्या खाली. असं आमच्या घराण्यात कधी झालेलं नव्हतं.

भाया सचिवाकडं वळले. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"खाली बस," ते म्हणाले.

तो माणूस माझ्याशी थेट बोलला ते हे पहिले शब्द.

"टेबल मधी घ्या," मी थेट त्यांना म्हटलं. "मंग समदेच वर बसू."

कुणी हललं नाही. आक्का दारातून उठली, टेबलाजवळ गेली आणि पेंडीच्या पोत्याला एकटीनंच हात घातला. ते तिला उचलणार नव्हतं. सचिवानं भायांकडं बघितलं, त्यांनी काही खूण केली नाही. मग सचिव उठला आणि त्यानं पोत्याची दुसरी बाजू धरली. ज्यांचे गुडघे दुखत होते ते संचालकही उठले. टेबल मधे आलं, सतरंजी गुंडाळली गेली, ज्यांना खुर्ची उरली नाही ते दोघे पेंडीच्या पोत्यांवर टेकले. भाया सगळ्यांत शेवटी बसले. माझ्याकडं खांदा करून, भिंतीकडं बघत बसले, पण बसले. त्या दिवशी पुढं काय कामकाज झालं ते मला आठवत नाही.

महिना गेला. छावणी गायरानात उभी राहिली, बायका राखणीला पाळीपाळीनं जाऊ लागल्या. तेच बीडचे साहेब छावणी बघायला आले आणि मग डेअरीवर आले. या वेळी खोली टापटीप, मधे टेबल, त्यावर धुतलेली चादर, कमी पडणाऱ्या खुर्च्या शाळेतून आणलेल्या. साहेब दारात थांबले आणि त्यांनी बूट काढले. भायांनी त्यांना टेबलाच्या तोंडाशी बसवलं. आम्ही दोघी आत आलो तसे भाया स्वतः उठले, साहेबांच्या शेजारची एक खुर्ची आपल्या हातानं मागं ओढली आणि माझ्यासाठी धरून ठेवली.

"आमच्यात बायका टेबलालाच बसत्यात साहेब," ते म्हणाले. "पयल्यापासून. आमी भेद मानीत न्हाई."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बीडच्या दुकानात डोलावल्या होत्या तशाच. साहेब खूश झाले, वा वा म्हणाले.

मी ती खुर्ची तशीच सोडली. टेबलाला वळसा घालून आक्काशेजारी गेले, एक खुर्ची स्वतः ओढली आणि बसले.

"पयल्यापासून न्हाई साहेब," मी म्हणाले. "मागच्या म्हैन्यापासून. त्याच्याआधी आमी दोघी तिथं बसत हुतो, त्या उंबऱ्यावर."

साहेबांनी मान वळवून उंबऱ्याकडं बघितलं. तिथं त्यांचे बूट काढलेले होते.